हिवाळ्यातलं साओ मिगेल: ढगाची उंची, वाऱ्याची दिशा आणि ओहोटीची वेळ

अझोर्स द्वीपसमूहातल्या साओ मिगेल बेटावर डिसेंबर ते फेब्रुवारीत जाऊन आलेल्यांची तक्रार बहुधा एकच असते: "तळं दिसलंच नाही." फोटोत निळं आणि हिरवं जोडतळं असतं, प्रत्यक्षात कठड्यापलीकडे नुसता पांढरा पडदा. त्याच घटकेला अर्ध्या तासावरच्या किनाऱ्यावर लोक उन्हात कॉफी पीत बसलेले असतात. हिवाळ्यात या बेटावरची हवा उंचीप्रमाणे आणि बाजूप्रमाणे वाटली गेलेली असते. सोमवारी हे तळं, मंगळवारी ते तळं असा तारखांचा तक्ता घरून करून नेला तर तो पहिल्याच दिवशी कोलमडतो. रोज सकाळी तीन गोष्टी पाहायच्या आणि मग गाडीची चावी उचलायची: ढग किती उंचीवर आहेत, वारा कुठून येतोय आणि ओहोटी किती वाजता आहे. बाकीची तयारी या तिन्हींभोवती बसते.

आधी बेटाची ओळख. अझोर्स म्हणजे पोर्तुगालचा स्वायत्त प्रदेश, अटलांटिक महासागरातली नऊ बेटं, लिस्बनच्या पश्चिमेला सुमारे १,४०० किलोमीटर. साओ मिगेल त्यांतलं सर्वांत मोठं, क्षेत्रफळ सुमारे ७४५ चौरस किलोमीटर. पूर्व-पश्चिम लांबट, पट्टीसारखं: लांबी साठ-पासष्ट किलोमीटर, रुंदी कुठे आठ तर कुठे सोळा. या पट्टीवर तीन जिवंत ज्वालामुखी ओळीने बसलेत. पश्चिमेला सेते सिदादेश, मधे फोगो, पूर्वेकडे फुर्नाश. तिघांच्याही माथ्यावर कढईसारखे खड्डे आहेत आणि त्यांत तळी साठली आहेत. अशा खड्ड्याला पोर्तुगीजमध्ये 'काल्देइरा' म्हणतात, म्हणजे शब्दशः कढईच. जमिनीखालची शिलारसाची कोठी मोठ्या उद्रेकात रिकामी होते, वरचं छत खचतं आणि कढई तयार होते. डोंगराचं टोक उडून जाऊन ती होते, हा समज चुकीचा आहे.

या ज्वालामुखींना 'सौम्य' म्हणतात ते आजच्या वागण्यावरून. फोगोचा १५६३ चा आणि फुर्नाशचा १६३० चा उद्रेक मुळीच सौम्य नव्हता. फुर्नाशने सुमारे दोनशे बळी घेतले. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण पातळ, वाहत्या लाव्ह्याच्या थरांनी बनला. इथल्या मोठ्या ज्वालामुखींचा शिलारस पुष्कळदा चिकट असतो, त्यात वायू कोंडतो आणि सुटताना दगडाचा फेस करून टाकतो. रस्त्याच्या कडेला दिसणारे फिकट, हलके, सच्छिद्र खडे हे त्याचेच. त्यांना प्युमिस म्हणतात आणि ते पाण्यावर तरंगतात. १८११ साली बेटाच्या पश्चिम टोकाजवळ समुद्रातून एक नवं बेटच वर आलं. 'सब्रिना' नावाच्या ब्रिटिश युद्धनौकेच्या कप्तानाने त्यावर झेंडा रोवला, आणि काही महिन्यांत लाटांनी ते बेट धुऊन नेलं. त्यानंतर साओ मिगेलवर उरली आहे ती ऊब: वाफेची तोंडं, गरम झरे, तापलेली माती आणि फोगोच्या उत्तर उतारावरची भूऔष्णिक वीजकेंद्रं, जी बेटाच्या विजेचा मोठा वाटा देतात. भूकंप आणि वायू यांवर अझोर्स विद्यापीठाशी जोडलेलं निरीक्षण केंद्र चोवीस तास लक्ष ठेवून असतं. हिवाळी पर्यटकाला उद्रेकापेक्षा निसरडी वाट, लाट आणि दरड यांचा धोका कितीतरी जास्त.

ढगाचं गणित

जानेवारीत राजधानी पोंटा डेल्गाडात दुपारी १७ आणि रात्री १२ अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान असतं. बर्फ नाही, गोठणं नाही. चोहोबाजूंचा समुद्र फेब्रुवारी-मार्चमध्येही सुमारे १६ अंशांवर असतो आणि तोच बेटाला गार पडू देत नाही. पण उन्हाळ्यात इथे ठाण मांडणारा जास्त दाबाचा पट्टा हिवाळ्यात दक्षिणेकडे सरकतो किंवा दुबळा होतो, आणि अटलांटिकवरची वादळी न्यूनदाब क्षेत्रं एकामागून एक बेटावरून जातात. दोन दिवस पाऊस-वारा, मग दीड दिवस उघाड, पुन्हा पाऊस, असा साधारण ताल. पुण्याच्या जानेवारीतल्या रात्रीचं तापमान आणि महाबळेश्वरच्या जुलैचा ओलावा एकत्र केला की अंदाज येईल.

ढगाची उंची काढायला एक सोपं सूत्र आहे. हवामानाच्या ॲपमध्ये तापमानाशेजारी 'दवबिंदू' दिलेला असतो, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचे थेंब व्हायला लागतात ते. किनाऱ्यावरचं तापमान वजा दवबिंदू, गुणिले १२५: इतक्या मीटरवर ढगाचं तळ. तापमान १६ आणि दवबिंदू १३ असेल तर फरक ३, ढग ३७५ मीटरवर. दवबिंदू १० असेल तर फरक ६, ढग ७५० मीटरवर. सूत्र ढोबळ आहे, पण समुद्रावरची हवा डोंगराला धडकून वर चढते अशा बेटावर ते चांगलं चालतं.

आता हे आकडे ठिकाणांशी जुळवा. फोगो तळ्याचं पाणी सुमारे ५७५ मीटरवर आहे, पण ते जिथून बघतात तो बार्रोझा शिखराचा रस्ता ९०० मीटरच्या पुढे जातो. सेते सिदादेशची जोडतळी जिथून दिसतात ते 'व्हिस्टा दो रेइ' सुमारे ५५० मीटरवर, आणि तळी व त्यांच्या काठचं गाव सुमारे २६० मीटरवर. फुर्नाशचं तळंही साधारण २८० मीटरवर. ढग ७५० वर असेल तर सेते सिदादेशला जा, फोगो सोडा. ३७५ वर असेल तर व्हिस्टा दो रेइवर पांढरा पडदाच मिळणार. न थांबता खाली गावात उतरा. कढईच्या आत ढगाखाली मोकळं असतं, पाण्याकाठून सपाट चालता येतं. वरून निराश होऊन परत फिरणारे निम्मे लोक हे दहा मिनिटांचं उतरणं करत नाहीत. फुर्नाश मात्र जवळपास कोणत्याही दिवशी चालतं, कारण तिथली मजा जमिनीतून येते. फोगोसाठी फरक ८ च्या वर गेलेला दिवस राखून ठेवावा. हिवाळ्यात तो आठवड्यात एखाद-दुसराच येतो, आणि तो आला की बाकी सगळं बाजूला सारून वर जावं. उन्हाळ्याच्या गर्दीत या रस्त्यावर खासगी गाड्यांना बंधनं असतात, हिवाळ्यात तो मोकळा मिळतो.

रंगाबद्दलही एक खुलासा. एक तळं निळं आणि एक हिरवं दिसतं ते खोली, शेवाळ आणि पाण्यात पडणारं आकाश व झाडी यांमुळे. आकाश करडं असेल तर दोन्ही तळी करडीच दिसतात. त्यात तळ्याचा दोष नाही.

वाऱ्याची दिशा तितकीच कामाची. न्यूनदाबाची आघाडी, म्हणजे पावसाचा पुढचा पट्टा, येण्याआधी वारा नैर्ऋत्येचा असतो; तेव्हा दक्षिण किनारा ओला आणि उत्तर किनारा त्यामानाने कोरडा. आघाडी पुढे सरकली की वारा वायव्येचा होतो आणि चित्र उलटतं. पश्चिम घाटाच्या दोन बाजूंच्या पावसात जसा फरक, तसाच इथे पंधरा किलोमीटरच्या रुंदीत. म्हणून मुक्काम बेटाच्या मध्यावर किंवा पोंटा डेल्गाडात ठेवावा. तिथून डोंगर ओलांडून पलीकडे जायला अर्धा-पाऊण तास पुरतो. निघण्याआधी 'स्पॉट अझोर्स' या संकेतस्थळावर ठिकठिकाणचे कॅमेरे थेट बघता येतात. ढगाचं गणित बरोबर आलं का, ते तिथे तपासा.

दिवस लहान असतो. डिसेंबरअखेर सूर्य आठच्या जरासा आधी उगवतो आणि साडेपाचला मावळतो. दोन मोठी ठिकाणं एका दिवसात नीट बघून होतात, तिसरं ओढूनताणून.

समुद्रातलं गरम पाणी आणि उधाण-भांग

पश्चिम टोकाला, काळ्या लाव्ह्याच्या सपाटीवर फेरारिया नावाची खाच आहे. तिच्या तळातून सुमारे ६० अंशांचं पाणी निघतं आणि समुद्राच्या १६ अंशांच्या पाण्यात मिसळतं. भरतीला थंड पाणी इतकं आत शिरतं की गरम झऱ्याचा मागमूस लागत नाही. ओहोटीला समुद्र मागे हटतो, मिश्रणात गरम पाण्याचा वाटा वाढतो, आणि खाच नैसर्गिक न्हाणीघर होते. ओहोटीच्या आधीचा आणि नंतरचा एकेक तास सर्वांत चांगला. दोन ओहोटींत साधारण १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं, म्हणजे आजची वेळ उद्या सुमारे ५० मिनिटं पुढे जाते.

कोकणातल्या माणसाला इथे फार शिकवावं लागत नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा ओहोटीही खोल. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा पाणी फारसं हलत नाही. फेरारियासाठी उधाणाच्या दिवसांतली ओहोटी निवडावी. फरक इतकाच की मुंबईला पाणी चार-साडेचार मीटर चढउतार करतं, इथे मोठ्या उधाणालाही जेमतेम दीड मीटर. त्यामुळे लाटांचा हिशेब भरती-ओहोटीच्या हिशेबावर सहज मात करतो.

आणि हिवाळ्यात लाटाच मालक असतात. वायव्येकडून येणारे लांब पल्ल्याचे उसळते पट्टे तीन-चार मीटर उंच असणं नेहमीचं. पाण्यावर आडव्या दोऱ्या बांधलेल्या असतात, त्या धरून उभं राहतात. पण तीन मीटरच्या लाटेपुढे दोरी हाताची सालं काढते. लाटांचा अंदाज दोन मीटरच्या वर असेल तर पाण्यात उतरू नये, कितीही गरम असलं तरी. पाय टेकतात ते खडक धारदार आहेत, रबरी तळव्याचे पाणबूट हवेत. खाचेकडे उतरणारा रस्ता तीव्र उताराचा आणि वळणांचा. पावसानंतर वरून दगड येतात. बंदचा फलक दिसला तर तो पाळायचा.

फुर्नाश

फुर्नाश हे गाव ज्वालामुखीच्या कढईत वसलेलं आहे. गावाच्या मधोमध चिखल रटरटतो, वाफेचे लोट निघतात, सडक्या अंड्याचा वास येतो. तो वास हायड्रोजन सल्फाइडचा. चांदीचे दागिने काढून ठेवा, या वायूने ते काळे पडतात. वास ही खरं तर सोय आहे, कारण खरा धोका बिनवासाचा असतो: कार्बन डायऑक्साइड. तो हवेपेक्षा जड, जमिनीतून झिरपतो आणि खोलगट, बंद जागी साचतो. फुर्नाशमधली काही घरं अशाच जमिनीवर उभी आहेत. म्हणून इथे तळघरासारखी खोली मुक्कामाला घेऊ नये, रात्री थोडी खिडकी उघडी ठेवावी, आणि झऱ्याकाठच्या खड्ड्यात फोटोसाठी वाकून बसू नये. लहान मुलं आणि कुत्री जमिनीजवळ असतात, त्यांना आधी त्रास होतो. कुंपणापलीकडचं पाणी जवळपास उकळतं असतं आणि कडेची मातीची पापडी पातळ असते. पाय टाकला तर आत जातो.

गावातल्या सार्वजनिक नळांना वेगवेगळी चव आहे. एकाला लोखंडाची, एकाला खारट, आणि एकाला सोड्यासारखी आंबट-फसफसती. शेवटचं पाणी म्हणजे जमिनीतला कार्बन डायऑक्साइड विरघळलेलं पाणी. लोहयुक्त पाण्यात इथला हिरवा चहा केला तर तो जांभळट होतो, कारण चहातलं टॅनिन लोखंडाशी संयोग पावतं. लोखंडी कढईत शिजलेला आवळा काळा पडतो, त्यामागेही हेच.

तेर्रा नोस्त्रा बागेतला मोठा तलाव पिवळट-तपकिरी, गढूळ चहासारखा दिसतो. पाणी घाण नाही. जमिनीतून वर येताना त्यात लोह विरघळलेलं असतं, हवा लागली की त्याचा गंज होतो आणि पाण्यात तरंगतो. तापमान ३५ ते ४० अंशांच्या दरम्यान. हा गंज कपड्यांत कायमचा बसतो, म्हणून गडद रंगाचा जुना पोहण्याचा पोशाख न्यावा. पांढरा टॉवेल हॉटेलचा असेल तर भरपाई मागतील. पाऊस पडत असताना इथे उतरणं हेच हिवाळ्याचं सुख: डोक्यावर गार थेंब, गळ्यापर्यंत ऊन पाणी. मात्र पंधरा-वीस मिनिटांनी बाहेर यावं, पाणी प्यावं, मग पुन्हा जावं. गरम पाण्यात रक्तवाहिन्या पसरतात, रक्तदाब उतरतो आणि झटकन उठलं की चक्कर येते. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांनी जास्त जपावं. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांना सवयलेल्यांनाही हेच लागू. याच बागेत शेकडो जातींची कॅमेलियाची झाडं आहेत आणि त्यांचा बहर नेमका हिवाळ्यात असतो. बेटाची ओळख झालेली निळी हायड्रेंजियाची कुंपणं मात्र जून ते ऑगस्टची. हिवाळ्यात तिथे काटक्या दिसतात.

संध्याकाळसाठी पोसा दा दोना बेइजा नावाची छोटी दगडी कुंडं आहेत, रात्री उशिरापर्यंत उघडी, बहुतेकांत पाणी ३९ अंशांच्या आसपास. फोगोच्या उत्तर उतारावरचं काल्देइरा व्हेल्या हे गरम पाण्याचं ठिकाण झाडझाडोऱ्यात आहे आणि तिथे ठरावीक वेळेची तिकिटं असतात. हिवाळ्यातही ऑनलाइन वेळ घेऊन जावं, कारण उघाड पडली की सगळेच एकदम निघतात.

जमिनीत शिजणारं जेवण

फुर्नाशच्या तळ्याकाठी मातीत खोल खड्डे आहेत. पहाटे उपाहारगृहांची माणसं मोठी बंद पातेली त्यांत सोडतात, वर झाकण आणि मातीचा ढीग. पाच-सहा तास जमिनीच्या वाफेवर शिजून दुपारी बाराच्या सुमारास ती आकड्यांनी वर ओढतात. हे 'कोझिदू'. पातेल्यात पाणी घालत नाहीत; मांस आणि भाज्या आपापल्या रसात शिजतात. तळाशी गाईचं, डुकराचं मांस आणि कोंबडी, त्यावर सॉसेज, मग कंद आणि सर्वांत वर कोबी. जड, उशिरा शिजणारं खाली आणि पानं वर, हा क्रम चुकला तर कोबीची पेस्ट होते आणि मांस चिवट राहतं.

मराठी माणसाला हा मेनू अर्धा ओळखीचा वाटतो. 'कोव्ह' म्हणजे कोबी आणि 'बटाटा' म्हणजे बटाटाच. दोन्ही शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आले. गोव्याचा चोरीस ज्याच्या कुळातला, तो शोरिसू पातेल्यात असतो. मेनूवर 'इन्यामे' लिहिलेला कंद पुष्कळजण सुरण समजतात. ती आपली अळकुडी आहे. फुर्नाशच्या खोऱ्यात तिची लागवड गरम झऱ्यांच्या पाण्यावर होते.

आदल्या दिवशी फोन करून सांगितलं नाही तर कोझिदू मिळेलच असं नाही, कारण पातेलं पहाटे भरावं लागतं, आणि हिवाळ्यात मागणीपुरतंच भरतात. शाकाहारींनी ताटातली भाजी वेगळी काढून खाण्याचा विचार करू नये. ती मांसाच्याच रसात शिजलेली असते. काही ठिकाणी वेगळं शाकाहारी पातेलं करतात, पण तेही आधी सांगितल्यावरच. साध्या दिसणाऱ्या हिरव्या भाजीच्या सूपमध्येही सॉसेजचा तुकडा असतो, विचारून घ्यावं. बिनधोक पर्याय: ताजं चीज, त्यावर तिखट लाल मिरचीची चटणी, 'बोलू लेव्हेदू' नावाचा फुर्नाशचा गोलसर गोड पाव (यात अंडं असतं), आणि गरम झऱ्यात पोत्यात बुडवून उकडलेली मक्याची कणसं.

पाऊस फारच लागला तर

अशा दिवसाचं ठिकाण म्हणजे काच. पोंटा डेल्गाडाच्या आसपास अननसाची काचघरं आहेत. एकोणिसाव्या शतकात हे बेट इंग्लंडला संत्री पाठवत असे. रोगाने बागा गेल्या तेव्हा लोक अननस आणि चहाकडे वळले. काचेखाली एक अननस तयार व्हायला जवळपास दोन वर्षं लागतात. सगळ्या झाडांना एकाच वेळी फुलं यावीत म्हणून काचघर बंद करून आत धूर करतात. धुरातल्या इथिलीनसारख्या वायूंनी झाड फुलोऱ्याला लागतं. बाहेर पाटीवर लिहिलेलं असतं 'अनानाश', आणि आपला 'अननस' हा शब्द पोर्तुगीजांकडूनच आला.

उत्तर किनाऱ्यावर गोर्रियाना हा १८८३ पासून चालू असलेला चहामळा आहे. तोडणी वसंत-उन्हाळ्यातली, त्यामुळे हिवाळ्यात पानं खुडणारे दिसत नाहीत. पण कारखाना पाहता येतो आणि मळ्याच्या ओळींतून चालता येतं.

जोराच्या पावसानंतर निदान एक दिवस डोंगरवाटा टाळाव्यात. प्युमिसचा उतार पाणी पितो, जड होतो आणि सरकतो. ३१ ऑक्टोबर १९९७ ला रिबेइरा केंते गावात अशाच दरडींनी २९ जणांचा जीव घेतला. पोर्तुगालची हवामान संस्था पिवळा, नारिंगी, लाल असे इशारे देते. साओ मिगेलसाठी 'पूर्व गट' हे नाव शोधायचं. नारिंगी असेल तर कडेकपारीचे रस्ते आणि किनारा दोन्ही सोडायचे.

काही गोष्टी हिवाळ्यात नसतातच. दक्षिण किनाऱ्यावरच्या व्हिला फ्रांका गावासमोरच्या गोल टापूची होडी उन्हाळ्यातच चालते. देवमासे दाखवणाऱ्या होड्यांच्या फेऱ्या निघतात, कारण स्पर्म व्हेल वर्षभर आसपास असतात, पण समुद्र खवळला की त्या रद्द होतात. निळा देवमासा हवा असेल तर मार्चनंतर या. लहान गावांतली उपाहारगृहं आठवड्यातले काही दिवस बंद असतात. बस कमी, शनिवार-रविवारी आणखी कमी, म्हणून गाडी लागतेच. गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची. भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना न्यावा.

सामानात छत्री नको. इथला पाऊस आडवा येतो आणि छत्री पहिल्या वळणावर उलटते. टोपीचं जलरोधक जाकीट, खोबणीच्या तळव्याचे बूट, दोन जादा जोड मोजे. मुक्काम ठरवताना खोलीत हीटर आणि आर्द्रता शोषणारं यंत्र आहे का, हे विचारावं. जुन्या दगडी घरांत १६ अंशांची दमट हवा हाडांत शिरते आणि धुतलेला कपडा तीन दिवस वाळत नाही. १६ अंश म्हणजे काय थंडी, असं म्हणणारे नागपूरकर इथे दुसऱ्या रात्री जादा रजई मागतात.

भारतीय पासपोर्टला शेंगेन व्हिसा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा हवा. लिस्बनहून विमान साधारण सव्वादोन ते अडीच तासांचं. हिवाळ्यात आडव्या वाऱ्यामुळे उड्डाणं लांबतात किंवा रद्द होतात. अशा वेळी युरोपीय नियमाप्रमाणे हवामानासाठी नुकसानभरपाई मिळत नाही, पण जेवण, मुक्काम आणि दुसरं विमान देणं कंपनीला बंधनकारक आहे. ते विमानतळावरच मागावं, पावत्या जपाव्यात. खरी अडचण वेगवेगळी तिकिटं काढणाऱ्यांची होते: बेटावरून लिस्बनचं विमान चुकलं तर लिस्बनहून मुंबईचं तिकीट फुकट जातं. एकाच तिकिटावर सगळा प्रवास घ्या, किंवा परतीत लिस्बनमध्ये एक पूर्ण रात्र मधे ठेवा. बेटावरची शेवटची रात्र पोंटा डेल्गाडात काढा. विमानतळ शहराला लागूनच आहे, आणि सकाळी विमान उशिरा असल्याचं कळलं तर बंदरावर जाऊन पुन्हा एक कॉफी होते.